दाब, धर, सोड

घनसावंगीच्या आमच्या शाळेत पळण्याची शर्यत सुरू करताना नाना वाघमोडे नुसता हात खाली टाकत. त्यांची शिट्टी वाजायची ती पोरांना थांबवायला. वाजली की असाल तिथं, असाल त्या पायावर उभं राहायचं. जो दोन पावलं जास्त टाकील त्यानं पुन्हा पहिल्यापासून पळायचं. बाकीच्या शाळांचे खेळाचे शिक्षक पोरांना पळायला शिकवत आणि तालुक्याच्या स्पर्धांतून ढाली घेऊन जात. आमचे नाना थांबायला शिकवत आणि आम्ही हात हलवत परत येत असू. हेडमास्तरांनी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं, तेव्हा नाना म्हणाले, "पळायला कुत्रं बी पळतंय सर. थांबता आलं पायजे." हेडमास्तरांनी विषय बदलला. मीही बदलला असता.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि नानांच्या घराला लागूनच भाड्यानं राहायचो. मधे फक्त एक कमरेएवढी भिंत. त्यामुळे नाना मला शाळेत आणि घरी असे दोन्हीकडे भोगावे लागले. हे मी प्रेमानं म्हणतो, पण म्हणतो.

माणूस उंच, काटक, उन्हानं रापलेला. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. वडिलांनी मेंढरं विकून जमीन घेतली आणि थोरल्या भावाला शेतीत, धाकट्याला शाळेत घातलं. मेंढरांच्या काळाची नानांकडे एकच वस्तू उरली होती, एक जाड काळी घोंगडी. ते तिच्यावर निजत, पावसात ती डोक्यावर घेत आणि पाहुणा आला की तीच अंथरत. बोलणं कमी. एखादं काम मनासारखं झालं की त्यावर दोनदा टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "बराबर." पोरानं सरळ रांग धरली, बराबर. भाजीत मीठ नीट पडलं, बराबर. आमच्या घराचं गळणारं पन्हाळ त्यांनी दुरुस्त केलं तेव्हा त्यावरही टिचकी मारली होती.

रागाची त्यांची तऱ्हा मात्र मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. राग आला की नाना उठाबशा काढत. पोरांना काढायला लावत नसत, स्वतः काढत. संस्थेच्या लोकांनी ऐन वेळी खेळाचं मैदान लग्नाच्या मांडवाला दिलं, त्या दिवशी हा माणूस ऑफिससमोरच्या व्हरांड्यात, सगळ्या शिक्षकांच्या देखत, गळ्यातली शिट्टी सदऱ्याच्या गुंड्यांवर आपटत, खाली-वर, खाली-वर होत राहिला. घाम निथळला तसा थांबला, हात धुतले आणि मांडववाल्यांना खुंट्या ठोकायची जागा दाखवायला गेला.

जुने शिक्षक सांगत, पूर्वी नाना इतरांसारखेच शिट्टी फुंकून शर्यत सुरू करायचे. उलटं झालं ते जीपच्या अपघातानंतर.

त्यांच्या पत्नी, रुक्मिणवहिनी, तेव्हा गल्लीतल्या कौसाबाईंबरोबर जालन्याला निघाल्या होत्या. जीप वडापची, म्हणजे बोनेटवर जागा उरली तर तिथंही माणूस बसवणारी. जालन्याच्या वाटेवर एक लांब उतार आहे, खाली छोटा पूल आणि पुलाच्या तोंडाशी बाभळ. त्या उतारावर जीपचा ब्रेक लागलाच नाही. जीप बाभळीवर गेली. वहिनींच्या गळ्याचं हाड मोडलं. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या कौसाबाई जागच्या जागी गेल्या.

हाड सांधलं, पण वहिनी त्यानंतर कशातही बसल्या नाहीत. जीपमध्ये नाही, एसटीत नाही, मोटारसायकलवर नाही. बैलगाडी चालायची. माझ्या पत्नीनं एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "बैलाला हो म्हणलं की थांबतोय वहिनी. गाडीला कान न्हाईत."

आता गावात राहणाऱ्या बाईचं यावाचून फार अडत नाही. पण वहिनींचं माहेर केदारखेड्याला, जालन्याच्याही पलीकडे, भोकरदनच्या वाटेवर. बैलगाडीनं निघावं तर वाटेत मुक्काम करावे लागणार, आणि बैल भावाच्या शेतात कामाला जुंपलेले. वर्षं गेली. केदारखेड्यात त्यांची आई म्हातारी झाली, मग तिचे डोळे गेले, मग तिनं अंथरूण धरलं. भाऊ येऊन निरोप सांगून गेला, "माय म्हणती, डोळे गेले पण हात हायेत अजून. एकदा तोंडावरून हात फिरवू दे म्हणाव."

त्या दिवशी वहिनी चुलीपुढे बसून रडल्या, ते आमच्या घरात ऐकू येत होतं. नाना परसात उठाबशा काढत होते, तेही ऐकू येत होतं.

पुढच्याच महिन्यात नानांनी जुन्या जालन्यातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून अँबॅसिडर घेतली. एके काळी पांढरी असावी. व्यापाऱ्यानं सांगितलं, इंजिन ठणठणीत आहे, ब्रेक तेवढे जरा नाजूक. नानांनी ती चालवत आणायला साफ नकार दिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून, चारी बाजूंनी दोर बांधून आणली. बाजारातून म्हैस आणावी तशी ती गाडी ट्रॉलीत उभी आणि तिच्या बोनेटवर हात ठेवून नाना उभे. बसस्टँडवरचे लोक हसून हसून बेजार झाले. मीही हसलो. नाना खाली उतरले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, दुसऱ्याच्या ब्रेकवर तिचा इस्वास न्हाई. माझ्यावर हाय. मंग ब्रेक मीच करतो."

मी म्हणालो, "नाना, तुम्हाला त्यातलं काय येतं?"

"काहीच न्हाई," नाना म्हणाले. "शिकून राह्यलो."

आणि खरंच शिकले. जुन्या जालन्यात रशीदमिस्त्री म्हणून एक ओळखीचे होते, त्यांच्या गॅरेजात नाना दर रविवारी जाऊन बसू लागले. मिस्त्री म्हणायचे, "मास्तर, एक दिवसाचं काम आहे. गाडी लावा, संध्याकाळी घेऊन जा." नाना म्हणायचे, "तुमच्यावर भरवसा बिलकुल हाय मिस्त्री. पण तिला घरी जाऊन काय सांगू?" मिस्त्रींनी मग नाद सोडला आणि त्यांना चाकापाशी बसवून घेतलं.

दर रविवारी शिकलेलं नाना संध्याकाळी अंगणात, घोंगडीवर आडवे होऊन, आपल्या गाडीवर करून बघत. चाकाच्या आत तव्यासारखा लोखंडी ड्रम असतो, त्याच्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या, त्यांना शू म्हणतात, आणि त्यांच्यावर खरबरीत लायनिंग. पेडल दाबलं की शू फाकतात, लायनिंग ड्रमला आतून घासतं आणि चाक थांबतं. मराठीच्या मास्तराला एवढं समजलं ते भिंतीपलीकडून ऐकून ऐकून. कारण नाना प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत. सांगत ते वहिनींना. वहिनी ओसरीवर गाडीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायच्या. मागं वळायच्या नाहीत, पण उठूनही जायच्या नाहीत.

चुका पोटभर झाल्या. शू ओढून धरणारी एक जाड स्प्रिंग असते. नानांनी ती पकडीनं ताणली, पकड सटकली, आणि स्प्रिंग भिंतीवरून उडून आमच्या घंगाळावर येऊन आदळली. त्या घंगाळाला अजून पोचा आहे. माझी पत्नी बाहेर येईपर्यंत नाना भिंतीवर हनुवटी टेकून उभे. "वहिनी, लागलं तर न्हाई कोनाला? मंग तेवढी जल्दी द्या, परत बसवायचीय." एकदा शू उलटे बसवले, तेव्हा ड्रम काही केल्या चढेना. त्यानंतर त्यांनी नेम केला, एका वेळी एकाच बाजूचं चाक उघडायचं, म्हणजे काही विसरलं तर दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं. जिद्द अशी की मी खिडकी लावून घ्यायचो. बघूनच दमायला व्हायचं.

शेवटी सगळं आटोक्यात आलं. गळणारे रबर बदलून झाले, ड्रम लेथवर गुळगुळीत करून आणले आणि चारी चाकांच्या शूंवर नवं लायनिंग ठोकून आणलं. संध्याकाळी नानांनी ते शू ओसरीवर एका पाटावर ओळीनं मांडले आणि त्यातला एक हातात घेऊन वहिनींच्या पाठीला सांगितलं, "सगळं वजन ह्यांच्यावर येतं बघ रुक्मिण. माणसं, सामान, उतार, सगळं. ह्यांनी खांदा दिल्याबगर गाडी थांबत न्हाई." मग सगळ्यांवर वर्तमानपत्र पसरलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर बसवायचे ठरलं.

तो दुसरा दिवस म्हणजे पोळ्याचा आदला. त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू वाहिलं, तो खांदा तूप-हळदीनं चोळायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं.

आम्ही दोघे शाळेतून बरोबरच आलो. अंगणात शिरताच तुपाचा वास आला. ओसरीवर दिवा लावलेला होता. पाटावरचं वर्तमानपत्र बाजूला काढून नीट घडी करून ठेवलं होतं आणि सगळे शू तूप-हळदीनं पिवळेधमक चकाकत होते. समोर वहिनी हातात वाटी घेऊन बसलेल्या. शेवटच्या शूवर त्यांचा अंगठा अजून फिरत होता आणि त्या हलक्या आवाजात म्हणत होत्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

आम्हाला बघून त्या जराशा लाजल्या. "तुम्हीच म्हणलात ना, सगळं वजन ह्यांच्यावर येतं? मंग खांदे मळायला नको का?"

गाडी घरात आल्यापासून त्यांनी तिला पहिल्यांदाच हात लावला होता.

ब्रेकच्या लायनिंगला तूप लागलं की ते संपलं. एवढं मलासुद्धा ठाऊक होतं. मी नानांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. नाना घराला वळसा घालून परसात गेले. थोड्या वेळानं गुंड्यांवर शिट्टी आपटल्याचा आवाज येऊ लागला. तो बराच वेळ येत राहिला. मग रांजणातून पाणी घेतल्याचा आवाज आला, आणि नाना पुढे येऊन पाटावर दोनदा टिचकी मारून म्हणाले, "बराबर केलंस."

नंतर भिंतीपाशी मी त्यांना हळूच म्हणालो, "नाना, सांगू नका. गुपचूप नवीन लायनिंग ठोकून आणा. इतक्या दिवसांनी बाई गाडीजवळ आली आहे." बसस्टँडवरच्या फोनवरून विचारलं, तर रशीदमिस्त्रींचा सल्ला याहून सोपा निघाला. पेट्रोलनं धुवा, वरून जाळ दाखवा, पुष्कळ लोक तसंच करतात.

"आन् ती बसल्यावर?" नाना म्हणाले. "ब्रेकच्या बाबतीत एक बी गोष्ट तिच्यापासून लपली, तर मंग मी आन् तो जीपवाला सारखेच की सर."

त्यांनी सांगितलं. माझ्या मते घाई केली. पोळ्याच्या सकाळीच, चुलीपुढे बसून, जसं आहे तसं सांगितलं, की तूप लागलेला शू धरत नाही, घसरतो, आणि हे लायनिंग आता टाकून द्यावं लागेल. वहिनींचं तोंड उतरलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी माझ्याच हातानं झालं असतं." मग म्हणाल्या, "तुम्ही न सांगता बसवलं असतं तर?"

"म्हणून सांगून राह्यलो," नाना म्हणाले.

वहिनी उठून आत गेल्या. पण आवतन दिलेलं होतं, आणि दिलेलं आवतन मोडत नाहीत. दुपारी त्यांनी त्या तुपाळ शूंपुढे पुरणपोळीचं ताट ठेवलं, हात जोडले आणि ताट उचलून नेलं. त्यानंतर त्या ओसरीवर तांदूळ निवडायलासुद्धा बसेनात. मला वाटलं, गाडीचं आता कोंबड्यांचं खुराडं होणार.  नाना पुढच्या रविवारी जालन्याला गेले, दुसऱ्या शूंवर नवं लायनिंग ठोकून आणलं आणि एकेक चाक बंद करत गेले.

राहिलं शेवटचं काम. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं, त्यात हवा शिरली की पेडल पोकळ लागतं आणि ब्रेक धरत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा छोटा नट सैल करून बुडबुडे नळीतून बाटलीत जाऊ द्यायचे आणि नट पुन्हा आवळायचा. आवळल्यावरच पाय उचलायचा. मधेच उचलला तर गेलेली हवा परत आत येते. पाय दाबायला नानांनी मला बोलावलं. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात चुकलेली निवड.

"दाब," नाना घोंगडीवरून ओरडायचे. मी दाबायचो. "धर." मी धरायचो. तेवढ्यात रस्त्यावरून कुणी "काय सर, ड्रायव्हर झालात काय?" म्हणायचं, मी तिकडे बघायचो आणि पाय उचलला जायचा. बुडबुडे परत आत. घोंगडीवर पडल्या पडल्या नानांचे गुडघे उठाबशांसाठी शिवशिवत असावेत. तेच ते चाक, पुन्हा पुन्हा.

"सर," ओसरीवरून आवाज आला. वहिनी दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. "धर म्हणलं की धरायचं असतंय." त्या पायऱ्या उतरल्या, गाडीच्या दाराशी आल्या आणि पदर खोचत म्हणाल्या, "सरका."

मी सरकलो. वहिनी गाडीत बसल्या. चाकांना दगड लावलेले होते, गाडी कुठंच जाणार नव्हती, तरी त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं पकडलं होतं की बांगड्या वाजत होत्या. नानांना खालून फक्त त्यांची पावलं दिसत असणार. त्यांनी पाना नटाला लावला. मग म्हणाले, "दाब."

वहिनींनी दाबलं.

"धर."

त्यांनी धरलं. नट सैल झाला, बाटलीत बुडबुडे आले, नट आवळला.

"सोड."

मला काम उरलं ते तेलाची पातळी बघण्याचं. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. चारी चाकं झाली. पहिल्यांदा वहिनी म्हणाल्या, "लोण्यावानी हाय, पाय आतच जातोय." मग म्हणाल्या, "आता जरा अडून राह्यलंय." शेवटच्या चाकापाशी त्यांनी सगळा जोर लावून बघितला आणि म्हणाल्या, "खाली जाईना आता. दगड लागला पायाला."

"बराबर?" खालून नाना.

वहिनींनी आणखी एकदा दाबून बघितलं. "बराबर," त्या म्हणाल्या.

 तेल सांडलंय का ते बघायच्या निमित्तानं मी वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

नाना आठवडाभर रिकामी गाडी उतारावर नेऊन थांबवत राहिले. मग निघण्याचा दिवस ठरला. मला जालन्यात काम होतं, म्हणून मागच्या सीटवर जागा मिळाली. पुढं वहिनी, मांडीवर माहेरी न्यायची पिशवी. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्या दर वळणाला "थांबवा" म्हणत आणि नाना थांबवत. कुरकुर नाही, हसणं नाही. वहिनी मान हलवत, मग गाडी पुढे.

उतार आला. वरून खालचा पूल दिसला, बाभळही दिसली. वहिनींनी डोळे मिटले नाहीत. गाडी उताराला लागली, अर्ध्यावर आली आणि त्या म्हणाल्या, "थांबवा."

नानांनी ब्रेक दाबला. गाडी त्या उतारावर जिथल्या तिथं उभी राहिली.

वहिनी दार उघडून उतरल्या. उतार चालत बाभळीपर्यंत गेल्या. बुंध्याची साल एका बाजूला अजून नव्हती. पिशवीतून कुंकवाची डबी काढून त्यांनी तिथं बोट टेकवलं, कौसाबाईंचं नाव घेतलं असावं, आणि थोडा वेळ उभ्या राहिल्या. नानांचा पाय तेवढा सगळा वेळ पेडलवर होता, हँडब्रेक ओढलेला असूनही. वहिनी चढ चढून परत आल्या, बसल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "चला. माय वाट बघून राह्यली."

मी जुन्या जालन्यात उतरलो. ते पुढं केदारखेड्याला गेले. परत आल्यावर वहिनींनी माझ्या पत्नीला सांगितलं, की म्हातारीनं तोंडावरून, गळ्याच्या सांधलेल्या हाडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "वाळलीस गं." ती आणखी दोन सुगीचे हंगाम जगली आणि वहिनी दर सणाला जाऊन तिच्याजवळ बसून आल्या.

पुढं माझी बदली झाली, मग निवृत्ती. मोबाईल फोन खेड्यांत आले, तसा नानांचा आवाज अधूनमधून ऐकू यायचा. मग तो यायचा थांबला. कळलं की नानांना झटका आला आहे, डावी बाजू गेली आहे, बोलणं जड झालं आहे. मी घनसावंगीला गेलो.

अंगणात गाडी चाकांना दगड लावून उभी होती. नाना आत, स्टिअरिंगमागे बसले होते. वाळून निम्मे झालेले, डावा हात मांडीवर, गळ्यात शिट्टी. मागच्या चाकाशी त्याच काळ्या घोंगडीवर एक पाय दुमडून रुक्मिणवहिनी बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, हातात पाना, शेजारी तेलाची बाटली. गाडी आता त्यांचा जावई चालवतो, पण ब्रेक वहिनींनी स्वतः बघितल्याशिवाय ती दाराबाहेर जात नाही. ओसरीच्या कोनाड्यात पोळ्याचे ते जुने शू होते, हळदीनं काळवंडलेले.

मी नानांना हाक मारली. त्यांनी मान वळवली, ओळखलं, डोळे भरून आले. त्यांचा उजवा हात माझ्याकडे उचलला गेला.

"सर, जरा थांबा," वहिनी चाकामागून म्हणाल्या, "हे शेवटचं चाक राह्यलंय." आणि नानांना म्हणाल्या, "दाबा."

नानांनी दाबलं.

"धरा."

नट सैल झाला. मी नानांचा हात हातात घेऊन दाराशी उभा होतो, ते माझ्याकडे बघत होते आणि रडत होते. पण वहिनींनी "सोडा" म्हणेपर्यंत त्यांनी पाय उचलला नाही.